सामाईक स्वयंपाकघर : आधी वेळापत्रक, मग भांडवल

प्रश्न : माझी मुलगी अन्नतंत्रज्ञानात बी. टेक. झाली असून गेले वर्षभर पुण्यातील एका को-वर्किंग केंद्रात (वेगवेगळ्या लोकांना कामासाठी टेबल भाड्याने देणाऱ्या सामाईक कार्यालयात) नोकरी करते. नाशिकच्या सिडको भागातील आमच्या रिकाम्या गाळ्यात घरगुती खाद्यव्यावसायिकांसाठी तासांच्या भाड्याने मिळणारे सामाईक स्वयंपाकघर काढावे, असे तिच्या मनात आहे. ते न जमल्यास याच पद्धतीने सलून चालवावे, असे ती म्हणते. निवृत्तीच्या रकमेतून तिला १५ लाख रुपये द्यावेत का? आणि याला करिअर म्हणता येईल का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या कन्येची कल्पना विचार करण्याजोगी आहे आणि करिअर म्हणूनही या कामाला निश्चित स्थान आहे. मात्र रक्कम देण्याचा निर्णय आपण एवढ्यात घेऊ नये, असे माझे मत आहे.

ती ज्या केंद्रात काम करते तेथील व्यवहार त्यातल्या त्यात सोपा असतो, कारण एकाने लॅपटॉप उचलला की ते टेबल दुसऱ्याला लगेच देता येते. तरीही २०१० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या वीवर्क या को-वर्किंग कंपनीने जागा दीर्घ मुदतीच्या करारांनी घेतल्या, त्या अल्प मुदतीने लोकांना दिल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपला गाळा स्वतःचा असल्यामुळे हा धोका टळतो; परंतु तो दुसऱ्याला दिला असता तर जे भाडे आले असते, तो खर्चच आहे असे समजून हिशेबात धरावे. घरचा गाळा म्हणजे फुकटचा गाळा, या समजुतीने पुष्कळ घरांतील हिशेब चुकतात.

साधने महाग आहेत, प्रत्येकाला ती थोडाच वेळ लागतात आणि प्रत्येकाची वेळ निराळी आहे, अशा व्यवसायात एकच जागा तासांनी वाटून देण्याची पद्धत चांगली चालते. आपल्याकडील पॉलिक्लिनिकमध्ये एकच खोली सकाळी एका डॉक्टरांकडे आणि संध्याकाळी दुसऱ्यांकडे असते, ती याच कारणाने. सलूनचे गणित मात्र उलटे आहे, कारण शनिवार-रविवारी सर्वांनाच खुर्ची हवी असते आणि मंगळवारी दुपारी कोणालाच नको असते. तो पर्याय मी बाजूला ठेवीन. यंत्रे फार महाग असली की दुसरी अडचण येते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आधाराने उभे राहिलेले व्हेंचर सेंटर नवउद्योजकांना प्रयोगशाळा वापरू देते आणि पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवून पाहण्याची सामाईक यंत्रशाळा आहे. परंतु या दोन्हींच्या पाठीशी संस्था आहेत. अमेरिकेतील टेकशॉप ही सामाईक कार्यशाळांची साखळी २००६ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली, कारण बाहेरच्या आर्थिक मदतीवाचून तिचा खर्च भागेना.

स्वयंपाकघर हे सलून आणि महागड्या यंत्रांची कार्यशाळा या दोहोंच्या मधे बसते. ओव्हन, शीतपेटी, पिठाचे मिक्सर, चिमणी आणि पॅकिंगचे यंत्र हे सारे एकट्या व्यावसायिकाला जड जाते, पण दहा जणांत परवडते. खरी परीक्षा वेळेची आहे. फराळ करणाऱ्या बचतगटांना दिवाळीआधीचे तीन आठवडे सगळ्या शेगड्या एकाच वेळी हव्या असतात आणि नंतर बराच काळ त्यांची गरज नसते. केवळ त्यांच्या भरवशावर हे चालणार नाही. डबेवाल्यांना पहाट आणि सकाळ, केक करणाऱ्यांना दुपार व रात्र, मसालेवाल्यांना मार्च ते मे, अशी सांगड घालावी लागेल. त्यातही मिरची कांडलेल्या खोलीत त्याच दिवशी स्पंज केक भाजता येत नाही. शाकाहारी व मांसाहारी यांची भांडी व ओटे वेगळे ठेवावे लागतील, आणि जैन ग्राहकांचे डबे करणाऱ्या भगिनी तेवढ्यावरही समाधानी नसतील, हे गृहीत धरावे. ही भांडणे मिटवणे हाच या धंद्याचा मुख्य भाग आहे.

हिशेबाचे एक उदाहरण देतो. आकडे केवळ कल्पनेतले आहेत. गाळ्याचे धरलेले भाडे, वीज, गॅस, सफाई, एक मदतनीस व दुरुस्ती मिळून महिना ९०,००० रुपये खर्च येतो असे समजू. तीन ओटे, रोज १६ तास आणि २६ दिवस म्हणजे विक्रीयोग्य १,२४८ तास होतात. त्यांतील निम्मे विकले गेले, तर एका तासामागे सुमारे १४४ रुपये खर्च पडतो. तिचा पगार आणि भांडवलाची परतफेड त्यानंतरची. नाशिकमधील डबे करणारी बाई याहून अधिक दर देईल का, हे विचारल्यावाचून कळणार नाही.

अन्नपरवाना जागेशी जोडलेला असतो. म्हणून तेथे शिजवून विकणाऱ्या प्रत्येकाची त्या पत्त्यावरील नोंदणी कशी व्हावी, हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी विचारावे. गाळ्याच्या वर राहणारी कुटुंबे असल्यास धूर, आवाज आणि रात्रीची वर्दळ यांबाबत सोसायटीची लेखी संमती घ्यावी. ती मिळत नसेल, तर या जागेचा विचार तेथेच सोडावा.

आता करिअरविषयी. तिची पदवी आणि को-वर्किंगमधील अनुभव यांचा मेळ दुर्मीळ आहे; परंतु व्यावसायिक स्वयंपाकघरात तिने अद्याप काम केलेले नाही. तिने एक वर्ष मोठ्या केंद्रीय स्वयंपाकघरात किंवा क्लाउड किचनमध्ये (केवळ घरपोच मागण्यांसाठी चालणाऱ्या स्वयंपाकघरात) कामकाज पाहण्याची नोकरी करावी आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे फोस्टॅक प्रशिक्षण घ्यावे. तिचा प्रकल्प पुढे उभा राहिला नाही, तरी अन्नप्रक्रिया उद्योगातील दर्जा-नियंत्रण, केटरिंग कंपन्यांतील संचालन किंवा इनक्युबेशन केंद्रांचे (नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रांचे) व्यवस्थापन या दिशेने तिला नोकरी शोधता येईल.

त्याच वर्षात तिने सुटीच्या दिवशी नाशिकमधील निदान २५ खाद्यव्यावसायिकांना भेटून कोणाला कोणते तास हवेत याचा तक्ता करावा आणि आगाऊ अनामत देण्यास किती जण तयार आहेत, ते लिहून आणावे. तक्त्यातील निम्मे तास अनामतीसह भरले, तर १५ लाखांपैकी सुरुवातीला एकाच ओट्यापुरती रक्कम द्यावी आणि उरलेली ठेवीत राहू द्यावी. तोवर गाळा रिकामा ठेवू नये. ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करारावर तो द्यावा, म्हणजे मुलीची तयारी होईल तेव्हा तो आपल्याला परत मिळू शकेल.