लांब, बारीक टेपर जॉब मध्ये फुगतो, याला ऑफसेट जबाबदार नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या सदस्यांचा लेथकामाचा प्रश्न असा: ईएन8 (मध्यम कार्बनचं पोलाद) चा 320 मि.मी. जॉब, त्यात 300 मि.मी. टेपर (निमुळता भाग), व्यास 12 वरून 6 मि.मी., बाकी 20 मि.मी. धरायला. टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक सेंटरवर पेलणारा लेथचा भाग) बाजूला सरकवून काढला, तर मध्ये 0.15 मि.मी. जाड येतो आणि चॅटरच्या (कंपनाच्या) रेघा पडतात.

ऑफसेट, म्हणजे टेलस्टॉक सरकवल्याचं अंतर, 3.2 मि.मी. घेतलाय तो बरोबर आहे: 320 × (12 − 6) ÷ (2 × 300). इथे टेपरची लांबी नव्हे, पूर्ण जॉबची लांबी धरायची. त्यामुळे 15 नगांत एखादा नग 1 मि.मी. लांब निघाला, की त्याच सेटिंगवर त्याच्या दोन टोकांच्या व्यासातला फरक जवळजवळ 0.02 मि.मी. कमी येतो. आधी सगळे नग एका लांबीचे करा, सेंटरची खोलीही सारखी ठेवा.

खरं दुखणं जॉब वाकण्याचं आहे. सरासरी 9 मि.मी. जाडीचा 300 मि.मी. बार दोन सेंटरवर असताना मध्ये जेमतेम 50 न्यूटन रेटा आला, तरी तो 0.4 मि.मी. मागे सरतो. ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही टोकं आणि बरोबर मध्य मोजा. मध्य हा टोकांच्या सरासरीपेक्षा जाड असेल तर जॉब वाकतोय. मध्य जुळतोय पण टोकांतला फरक चुकतोय, तरच ऑफसेट हलवा.

ट्रॅव्हलिंग स्टेडी (टूलबरोबर सरकत जॉबला पॅडचा आधार देणारं साधन) टेपरवर चालत नाही, कारण व्यास सतत बदलतो आणि पॅड सैल पडतात किंवा जाम होतात. म्हणून टेलस्टॉक शून्यावर (ऑफसेट न देता) ठेवून, 20 मि.मी.चा भाग चकमध्ये धरून, स्टेडी लावून आधी सरळ पायऱ्या काढा. पूर्ण 300 मि.मी.वर 12.4 व्यास, मग बारीक टोकापासून 250 पर्यंत 11.4, 200 पर्यंत 10.4, 150 पर्यंत 9.4, 100 पर्यंत 8.4 आणि 50 पर्यंत 7.4. प्रत्येक पासला टोकाकडचा 15-20 मि.मी. भाग काढून पॅड त्या नव्या व्यासाला टेकवा, तेल द्या. मोठा माल इथेच, आधार असताना निघतो.

मग ऑफसेट द्या, पण चकमध्ये धरून कधीच नको. चक बार सरळ धरतो आणि सरकलेला सेंटर त्याला वाकवतो. बरेच जण इथेच फसतात. दोन सेंटर आणि कॅरियर (जॉबला पकडून फिरवणारा क्लॅम्प) वापरा. टेलस्टॉकला बॉल सेंटर (गोल टोकाचा सेंटर) लावा, नाहीतर ऑफसेटमुळे जॉबच्या सेंटर-भोकाचं तोंड घासून लांबट होतं. टूल धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील), नोज (टोकाची गोलाई) 0.2 मि.मी., अप्रोच (धारेचा जॉबशी कोन) 90 अंश, म्हणजे रेटा आडवा न येता बारच्या लांबीच्या दिशेने जातो. उंची अगदी सेंटरला हवी; वर-खाली असेल तर टेपरची बाजू सरळ न येता वक्र येते. 800 आरपीएम, फीड दर फेरीला 0.06 मि.मी., कट 0.1 ते 0.15 मि.मी. चॅटर आला तर वेग उतरवा आणि फीड किंचित वाढवा. कट कमी करत गेलात तर टूल कापण्याऐवजी घासतं.

प्रत्येक पासनंतर टेलस्टॉक सैल करून पुन्हा हलका टेकवा. जॉब 40 अंशांनी तापला तर 300 मि.मी.त 0.14 मि.मी. वाढतो आणि जायला जागा नसली की कमान होते. ब्राइट बार (थंड ओढून चकचकीत केलेला) टाळा. साल निघाली की आतला ताण सुटून तो वाकतो. नॉर्मलाइज केलेला (तापवून हवेत थंड केलेला) काळा बार घ्या.

मध्य 0.02 च्या आत हवा असेल, तर लेथवर अडून बसू नका. 0.3 मि.मी. माल ठेवा आणि उद्यमनगरात सिलिंड्रिकल ग्रायंडिंगला द्या. टेबल कोनाच्या 34 मिनिटांनी (अर्ध्या अंशाहून थोडं जास्त) फिरवून, शेवटी ठिणग्या थांबेपर्यंत कट न देता पास घ्यायला सांगा.