विश्वाची सुरुवात कुणी पाहिलेली नाही, मग ते प्रसरण पावतंय हे कशावरून सांगतात?

सुरुवात पाहिलेली नाही हे खरं, पण तिच्या बऱ्याच जवळचा प्रकाश आजही आपल्यापर्यंत येतोय. प्रकाशाला यायला वेळ लागतो, म्हणून जितकं दूर पाहावं तितकं जुनं दिसतं.

प्रसरण कळतं ते वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांमध्ये विभागून पाहिल्यावर. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशातल्या हायड्रोजनसारख्या मूलद्रव्यांच्या रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या असतात, म्हणजे विश्व प्रसरण पावताना वाटेत प्रकाशाच्या लहरी ताणल्या गेलेल्या असतात. दीर्घिका जितकी दूर, तितकं हे सरकणं जास्त, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवलं. अंतर काढायला सेफिड तारे (ज्यांचं तेज ठरावीक लयीत कमीजास्त होतं) आणि ठरावीक प्रकारचे अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) उपयोगी पडतात. त्यांचं खरं तेज माहीत असतं, ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहायचं. (सगळी मेख इथेच आहे. खुद्द हबल यांची अंतरं बरीच चुकली होती.)

त्याहून मागे जायचं तर सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह). पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात सगळीकडून सारखीच खरखर येत होती. त्यांनी आधी कबुतरांच्या विष्ठेवर संशय घेतला, ती साफही केली! पण १९६५ मध्ये उलगडा झाला: तो विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश होता, ताणला जाऊन आता जेमतेम २.७ केल्विनपर्यंत थंडावलेला. त्याच्या तापमानातले लाखात एक भागाइतके फरक प्लांक उपग्रहाने टिपले. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं हा आकडा त्यावरूनच आलाय.

मात्र प्रसरणाचा वेग या प्रकाशावरून सुमारे ६७ येतो आणि ताऱ्यांवरून सुमारे ७३ (किलोमीटर प्रतिसेकंद, दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतराला). हा फरक का, यावर अजून वाद चालू आहे.