अमेरिकेतल्या गन शोमध्ये आता खरंच काही राम उरला नाही का? नव्या माणसाने जावं का?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत येऊन दोन वर्षं झाली, ऑफिसातले जुने लोक म्हणतात गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारात, आता काही राम उरला नाही, आणि शनिवारी फेअरग्राउंडवरून जाताना बघावं तर गाडी लावायला जागा नसते. मग खरं कुणाचं?

दोघांचंही. गर्दी वाढली आणि माल गेला. माल गेला त्याहून वाईट म्हणजे मालाची माहिती असलेली माणसं गेली. मी 1997 पासून आमच्या काउंटीच्या शोला जातोय, आणि हा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लांबेल.

आमच्याकडे शो भरतो तो काउंटी फेअरच्या शेडमध्ये, जिथे उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्यांचं प्रदर्शन असतं. सिमेंटची जमीन, कितीही झाडली तरी कोपऱ्यात गवताची काडी सापडणारच. दारात एक माणूस तुमची बंदूक रिकामी आहे ना ते बघतो आणि बोल्टमधून, म्हणजे गोळी आत सरकवून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यातून, प्लास्टिकचा पट्टा आवळून टाकतो. तेव्हा निम्मी मजा टेबलांच्या मधल्या वाटेत असायची. साधी शेतकरी माणसं वडिलांची रायफल खांद्याला लावून हिंडायची, नळीत एक बारीक काठी खोचलेली आणि काठीला कागद: ‘350, अदलाबदलही चालेल’. तुम्ही थांबवायचं, बघायचं, बोलायचं. मोसिन-नागांट या जुन्या रशियन लष्करी रायफली घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये माखलेल्या, लाकडी खोक्यात एकीवर एक रचलेल्या, शंभर डॉलरच्या आत. आज तीच रायफल चारशेला सांगतात आणि विकणाऱ्याला तिच्यावरचे शिक्के वाचता येत नाहीत.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडलं.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. अपशिंगे मिलिटरीसारखं नावाजलेलं नाही, पण घराआड एक माणूस पलटणीत. माझे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावच्या सेंटरमध्ये घडलेले. 1962 ला ते नोकरीत होते. लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. थ्री नॉट थ्री रायफलीबद्दल मात्र बोलायचे, घरच्या बैलाबद्दल बोलावं तसं. मी स्वतः कॉलेजात एनसीसीत तीच चार किलोची रायफल खांद्यावर घेऊन परेड केली आहे. त्यामुळे 2000 सालच्या वसंतातल्या शोला कोपऱ्यातल्या एका टेबलावर तिच्यासारखीच पण जरा वेगळी रायफल दिसली तेव्हा पाय आपोआप थांबले.

टेबलामागे सत्तरीचे एक गृहस्थ होते, कोरियाच्या लढाईत जाऊन आलेले. त्यांच्या टेबलावर प्रत्येक बंदुकीपुढे एक कार्ड उभं असायचं, निळ्या शाईत हाताने लिहिलेलं. मला म्हणाले, “भारतातला का तू? मग हे बघ,” आणि बोल्टच्या मागे, दस्ता जिथे धातूला मिळतो तिथे बोट ठेवलं. अशोकस्तंभाचे सिंह. खाली आर एफ आय. खाली 1966. रायफल फॅक्टरी इशापूर, म्हणजे आपल्या बंगालमधली.

पुढचा पाऊण तास ते बोलत होते आणि मी ऐकत होतो. बासष्टच्या चीन युद्धानंतर भारतीय सैन्याला 7.62 ची गोळी चालवणारी रायफल घाईने हवी होती, नव्या अर्धस्वयंचलित रायफली पुरेशा तयार होईपर्यंत. म्हणून इशापूरने जुन्या ली-एनफिल्डचाच, म्हणजे थ्री नॉट थ्रीचाच, साचा घेतला, पोलाद जास्त कणखर वापरलं आणि नव्या गोळीसाठी चौकोनी पोटाची मॅगझिन बसवली. हीच टू-ए-वन रायफल. मागच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवर, अंतराचा आकडा 800 पर्यंतच, जुन्या थ्री नॉट थ्रीवर तो 2000 पर्यंत असायचा. मग त्यांनी रायफल उताणी केली आणि मॅगझिनच्या पुढे लाकडात आडवा बसवलेला स्क्रू दाखवला. म्हणाले, “लोक याला दुरुस्ती समजतात आणि भाव पाडून मागतात. ही दुरुस्ती नाही. लाकूड चिरू नये म्हणून कारखान्यानेच घातलाय.” काकांनी मला जे कधी सांगितलं नाही, ते ओहायोतल्या मेंढ्यांच्या शेडमध्ये मला एका परक्या माणसाने सांगितलं.

किंमत 150 डॉलर. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच होता, तो त्यांनी मला बोटाने दाखवून वाचायला लावला.

माझ्याबरोबर मराठी मंडळातला एक मित्र होता. हिशेबाला पक्का. त्याने बाजूला घेतलं आणि म्हणाला, “वेडा आहेस का? नेटवर याच रायफली शंभर-सव्वाशेला पडल्यात. शोमध्ये आपल्यासारख्यांना गाठून जास्तीचं लावतात.” मी त्याचं ऐकलं. चोवीस-पंचवीस वर्षं झाली, ही चूक मी विसरलेलो नाही.

नेटवरून मागवली. नेटवरून घेतलेली बंदूक घरी येत नाही, परवानाधारक दुकानदाराकडे येते; तो फॉर्म भरून घेतो, एफबीआयच्या यंत्रणेतून तपासणी होते, मग हातात पडते. हातात पडली तेव्हा पहिलंच दिसलं की बोल्टवरचा नंबर वेगळा आहे. फोटोत बोल्ट उघडा ठेवला होता, नंबर खाली. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, ‘जशी आहे तशी विकली.’

पुढच्या शोला ती घेऊन त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी गेलो. लाज वाटत होती. त्यांनी चकार शब्द न काढता मासेमारीच्या डब्यासारख्या एका पेटीतून तीन छोटे पोलादी गेज काढले. गोळी बसल्यावर तिचं बूड आणि बोल्टचं तोंड यात किती फट राहते ते मोजायचे. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा, दुसऱ्यावर होऊ नये, तिसऱ्यावर तर मुळीच होता कामा नये. माझ्या रायफलीचा बोल्ट तिसऱ्यावरही लोण्यासारखा बंद झाला. म्हणाले, “भिंतीवर लाव. हिच्यातून बार काढू नकोस. काडतुसाचं कवच फुटलं तर गॅस तुझ्या तोंडावर येईल.” पैसे घेतले नाहीत. ती 1966 ची? ती त्याच दिवशी दुपारी विकली गेली होती. तिचं कार्ड मात्र त्यांच्या पेटीत होतं, ते मला दिलं. इंग्रजीत लिहिलंय, अर्थ असा: ‘इशापूर, 1966. नंबर सगळे जुळतात. लाकडातला स्क्रू मूळचा आहे, तो दोष नव्हे.’

त्यानंतर दहा वर्षं मी वर्षातून तीन-चार शनिवार त्या टेबलाशी काढले. स्वीडिश माउझर रायफलीचा शिक्का कसा वाचायचा, पुन्हा रंगवलेलं लाकूड कसं ओळखायचं, नळी आतून कधी काळवंडते, सगळं तिथे शिकलो. घेतलं फार कमी. त्यांची त्यावर तक्रार नसायची.

2011 च्या नोव्हेंबरात गेलो तर कोपऱ्यात सुक्या गोमांसाच्या पट्ट्यांची पाकिटं मांडली होती, सहा स्वादांत. शेजारच्या टेबलवाल्याने सांगितलं, जूनमध्ये गेले. मुलांनी सगळा संग्रह लिलाववाल्यांना एकगठ्ठा दिला. कार्डांचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं.

तर ‘दर्जा घसरला’ म्हणतात तो असा घसरला. लोक सरकारला दोष देतात, इंटरनेटला देतात. त्यात तथ्य आहे. 1994 मध्ये चीनमधून बंदुकांची आयात बंद झाली, 2014 मध्ये निर्बंधांमुळे रशियाच्या कलाश्निकोव्ह कंपनीचा माल थांबला, 2021 मध्ये रशियन काडतुसांवर गदा आली. दुसऱ्या महायुद्धाचे साठे तर कधीतरी संपणारच होते. गनब्रोकरसारखी लिलावाची साइट 1999 मध्ये आली आणि चांगला माल घरबसल्या देशभर विकता येऊ लागला, मग पहाटे उठून टेबल कोण मांडणार? आता टेबलवाल्याशी भाव करायला जा, तो फोन काढतो आणि कुणीतरी मागितलेली सर्वांत चढी किंमत दाखवतो. मागितलेली किंमत वेगळी आणि माल सुटला ती किंमत वेगळी, हे त्याला पटत नाही.

त्यात टेबलाचं भाडं. ज्याच्याकडे विकायला सहा जुन्या रायफली आहेत आणि त्यातल्या चार तो देणारच नाही, त्याला भाडं परवडत नाही. टी-शर्ट, मेणबत्त्या, झटका देणाऱ्या टॉर्च, स्वस्तातले सुरे विकणाऱ्याला दर शनिवारी परवडतं. आयोजक बिचारा टेबलं भरायला बसलाय. मी त्याला दोष देत नाही, पण त्या मालासाठी मी तिकीटही काढणार नाही.

आणि गर्दी म्हणाल तर ती भीतीची आहे. डिसेंबर 2012 मध्ये न्यूटाउनच्या शाळेत लहान मुलांची हत्या झाली, कायदे कडक होणार अशी हवा उठली, आणि जानेवारीत आमच्या शोची रांग रस्त्यापर्यंत आली. त्यानंतर बरेच महिने साधी .22 ची काडतुसं दुकानात मिळत नव्हती. माझ्या मुलीचा नेमबाजीचा सराव बंद पडला. 2020 मध्ये तेच, त्याहून मोठं. ही माणसं तीन टेबलं बघतात, एक एआर-15 रायफल आणि काडतुसांचं खोकं घेतात, निघून जातात. तुम्ही पार्किंग भरलेलं पाहता ते त्यांच्या गाड्यांनी.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल. ओहायोत खासगी माणसाने खासगी माणसाला विकलं तर तपासणीची सक्ती नाही, आणि हे चूक आहे. कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडात वापरलेल्या दोन शॉटगन आणि एक कार्बाइन (आखूड रायफल) 1998 मध्ये डेन्व्हरजवळच्या गन शोतून खासगी विक्रेत्यांकडून, तपासणीविना घेतल्या गेल्या होत्या. 2000 मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी गन शोमधली ही पळवाट मतदानाने बंद केली. शो काही बुडाले नाहीत. ते माझे गुरुजी तर 2000 मध्येसुद्धा ड्रायव्हिंग लायसन्स बघितल्याशिवाय आणि हाताने पावती लिहिल्याशिवाय कुणाला काही देत नसत. कायदा नव्हता, त्यांची रीत होती.

तुम्ही जावं का? जा. पण काउंटीच्या शोवरून मत बनवू नका. ओहायो गन कलेक्टर्स असोसिएशनचे शो विल्मिंग्टनला भरतात, सभासदांसाठी असतात, सभासद व्हा. तिथे नुसती मांडून ठेवलेली, न विकायची टेबलंही दिसतील, तीच आधी बघा. जमलं तर एकदा ओक्लाहोमात टल्साला जा, एप्रिलमध्ये किंवा नोव्हेंबरमध्ये. अकरा एकर छताखाली 4200 टेबलं. मी दोन दिवस चाललो, सगळं झालं नाही. आणि उन्हाळ्यात एरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला 1907 पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात, त्यात जुन्या लष्करी रायफलींची वेगळी स्पर्धा असते. ज्या माणसांना तुम्ही शोमध्ये शोधाल ती तिथे घोंगड्या अंथरून पालथी पडलेली सापडतील. काउंटीच्या शोला गेलातच तर मागच्या भिंतीकडच्या रांगेपासून सुरुवात करा आणि जो स्वतःहून बोलावत नाही त्याच्याशी बोला.

हे आधीच लिहायला हवं होतं: तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल तर नुसतं बघा. ग्रीन कार्ड नसलेल्या, कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, पण तीही वकिलाला विचारूनच. मी पहिली रायफल घेतली तेव्हा माझं ग्रीन कार्ड आलेलं होतं. दुसऱ्या राज्यातल्या शोत खासगी माणसाकडून काही घेऊ नका, आणि हँडगन तर आपल्याच राज्यात. आणि जुनी रायफल कितीही स्वच्छ दिसली तरी गेज लावून घेतल्याशिवाय तिच्यातून गोळी झाडू नका, विकणारा कितीही भला माणूस असला तरी.

माझा तो मित्र अजून म्हणतो, शो म्हणजे वेळेचा अपव्यय, नेटवर सगळं स्वस्त पडतं. दर दिवाळीच्या फराळाला हा वाद निघतो आणि मी आकडे विसरतो, म्हणून जुनी पाकिटं काढून आज इथे लिहून ठेवतो. नेटवरची रायफल 115 डॉलर. पाठवणावळ 22. दुकानदाराची फी 25. एकूण 162, आणि ती आजही भिंतीवर आहे. टेबलावरची 150 होती, आणि तिच्या बोल्टचा नंबर जुळत होता.