करिअर मार्गदर्शन शिकवायचंय, त्यावर संशोधनही करायचंय

पत्र : मी डोंबिवलीला राहते, टी.वाय.बी.ए.ला मानसशास्त्र आहे. शाळेतल्या मुलांना करिअर मार्गदर्शन करावं, पुढे कॉलेजात हाच विषय शिकवावा आणि पीएच.डी. करावी असं वाटतं. आई म्हणते, आधी बी.एड. करून टाक. मला तीन महिन्यांचा ऑनलाइन ‘करिअर काउन्सेलर’ कोर्स बरा वाटतोय. काय करू?

उत्तर : ऑनलाइन कोर्सचे पैसे वाचव. चाचणी कशी घ्यायची आणि रिपोर्ट कसा समजावून सांगायचा, एवढं अशा कोर्सात बहुधा शिकवतात. चाचणी कुठे फसते, हे क्वचितच. तुला तर नेमकं तेच शिकायला हवं.

आईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तर सहसा एम.एड. लागतं आणि त्याआधी बी.एड. झालेलं असावं लागतं. मानसशास्त्र विभागात शिकवायचं असेल तर बी.एड.ची गरज नाही. तिथे एम.ए.ला किमान 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. बघतात. एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाचा कलिन्यातला उपयोजित मानसशास्त्र विभाग आणि देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही दोन ठिकाणं आधी बघ. समुपदेशनाचा भाग घे, पण संख्याशास्त्राचा पेपर टाळू नकोस. बहुतेक जण तिथेच कच्चे राहतात आणि पीएच.डी.त अडकतात. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात : 70 टक्के नेट, 30 टक्के मुलाखत. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37 हजार.

शाळेतल्या कामासाठी एनसीईआरटीचा वर्षाचा मार्गदर्शन-समुपदेशन डिप्लोमा चांगला : सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने आपल्याच गावी इंटर्नशिप. महाराष्ट्राला भोपाळचं केंद्र आहे. तो एम.ए.नंतर केलास तर जास्त पचेल.

आता मुख्य गोष्ट. आवडीच्या बहुतेक चाचण्यांच्या मुळाशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी सांगितलेले व्यक्तिमत्त्वाचे सहा प्रकार असतात. त्यात एखादं विधान असतं : ‘मला यंत्रं दुरुस्त करायला आवडतं.’ जिच्या हातात घरात कधी स्क्रू-ड्रायव्हरच दिला नाही, ती मुलगी ‘नाही’वर खूण करते. तिला आवड नाही असा याचा अर्थ होत नाही, तिला संधीच मिळालेली नाही. पण रिपोर्टमध्ये दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून ‘नाही’ आल्यावर विचारायचं, ‘कधी करून बघितलंयस?’ अभियोग्यता चाचणीतही, म्हणजे कशात गती आहे हे बघणाऱ्या चाचणीतही, हेच होतं. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीतून शाब्दिक चाचणी दिली तर गुण भाषेमुळे पडतात आणि पालकांना सांगितलं जातं, ‘याला सायन्स झेपणार नाही.’ आकृत्यांच्या चाचणीत तोच मुलगा वर असेल, तर शंका मुलावर घ्यायची नाही, चाचणीवर घ्यायची. तुलना कोणत्या मुलांशी केली आहे, म्हणजे मानकं कुणाची, हे मॅन्युअलमध्ये आधी शोधायचं. मॅन्युअलच मिळत नसेल तर ती चाचणी वापरू नये.

संशोधनाचा विषय इथूनच काढ. ‘करिअर मार्गदर्शनाचा परिणाम’ हा विषय फार मोठा आहे. एक आवड-चाचणी मराठीत आणणं हे एम.ए.च्या प्रबंधाला पुरून उरेल, मात्र आधी चाचणीच्या हक्कदारांची लेखी परवानगी घे. दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, तिसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर, मग आठ-दहा मुलांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावून ‘तुला काय समजलं?’ हे विचारणं. ही पायरी लोक गाळतात आणि मग विश्वासार्हतेचा (चाचणी किती सातत्याने मोजते याचा) आकडा 0.70च्या खाली का आला ते कळत नाही. त्यानंतर 30-40 मुलांवर पूर्वचाचणी. पुनर्चाचणी, म्हणजे त्याच मुलांना तीच चाचणी पुन्हा, दोन-तीन आठवड्यांनी घे. फार लांबवलीस तर मधल्या काळात मुलांची आवडच बदललेली असू शकते.

शाळेत जायचं तर ऑगस्ट ते दिवाळी. जानेवारीनंतर दहावीचा वर्ग कोणी मुख्याध्यापक देत नाहीत. महापालिकेच्या शाळेसाठी शिक्षण विभागाची परवानगी आधी काढ, आणि मुलं 18च्या आतली असल्याने पालकांची लेखी संमती हवीच. मार्गदर्शनाचा उपयोग तपासायचा झाला तर एकाच शाळेच्या दोन तुकड्यांची तुलना करू नकोस, मधल्या सुट्टीत सगळं इकडचं तिकडे होतं. दोन वेगळ्या शाळा घे आणि दुसऱ्या शाळेला तेच सत्र नंतर दे. ‘सत्र आवडलं का?’ हे त्याच दिवशी विचारून काही हाती लागत नाही, मुलं भिडेखातर हो म्हणतात. तीन महिन्यांनी विचार : किती कोर्सची फी, पात्रता आणि कॉलेजं स्वतः शोधून काढली?

टी.वाय.चा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर मुलांना मोठ्याने वाचायला लावण्याची ती एक पायरीच प्रोजेक्ट म्हणून कर. परवानगी आणि संमती त्यालाही लागेल, पण एका सेमिस्टरमध्ये बसण्याइतकं ते काम आहे.