पलटण आणि घर, एकाच ओळीत

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आजोबा युद्धाबद्दल कधी बोललेच नाहीत, मग वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत लिहू काय, असं तू विचारलंस. आणि त्याच पत्रासोबत डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळणारी सेवेच्या नोंदींची वही), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), पदकं आणि पत्रांचा गठ्ठा यांचे फोटो पाठवलेस! तुझ्याकडे मजकूर भरपूर आहे, तो लावायचा कसा तेवढंच अडलंय. मसुद्यात आधी सहा पानं ‘शूर सैनिक’ आणि शेवटी दोन पानं ‘प्रेमळ आजोबा’ अशी वाटणी केली आहेस. ती आधी मोड. माणूस एकच होता.

वहीचं पान मधोमध उभं दुमड. डावीकडे पलटण, उजवीकडे घर. भरतीच्या वर्षापासून ते गेले त्या वर्षापर्यंत दर वर्षाला एक ओळ. कुठलंही वर्ष एका बाजूला रिकामं राहिलं तर तिथे काहीतरी विचारायचं राहिलंय असं समज.

डावी बाजू डिस्चार्ज बुकातून भरते: आर्मी नंबर, भरती आणि डिस्चार्जची तारीख, हुद्दा, ट्रेड (म्हणजे फौजेतलं काम), पदकं. उजवी बाजूही तिथूनच सुरू होते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जवानाचं लग्न, मुलांचे जन्म हे सगळं पलटणीत पार्ट टू ऑर्डर नावाच्या लेखी आदेशाने नोंदलं जातं आणि त्यावरून बायको-मुलांची नावं कागदावर चढतात. तुझ्या वडिलांचा जन्म नोव्हेंबर १९७१ चा आणि त्याची पार्ट टू ऑर्डर फेब्रुवारी १९७२ ची. मधले तीन महिने बघ. मूल घरी, बाप १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर, आणि कागद युद्ध संपल्यावर पूर्ण झालेला. अख्ख्या मसुद्यात ही ओळ नाही, आणि ‘देशासाठी सर्वस्व अर्पण’ मात्र चार वेळा आहे.

आजीचं नाव कागदावर वेगळं दिसलं तर घाबरू नकोस. माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव आणि क्लार्कने इंग्रजीत ऐकून लिहिलेलं स्पेलिंग, तिन्ही वेगळी असू शकतात. पुस्तिकेत तिन्ही दे.

पदकांबाबत घाई नको. १९६५ चं रक्षा मेडल आणि १९७१ चं संग्राम मेडल प्रत्यक्ष लढाईत नसलेल्यांनाही मिळालं. तेवढ्यावरून ‘आघाडीवर लढले’ असं लिहिता येत नाही. समर सेवा स्टार (१९६५), पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार (१९७१) हे प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातल्या सेवेचे. तुझ्याकडे पूर्वी स्टार आहे आणि पलटण पहिली मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जमालपूरची लढाई, आजच्या बांगलादेशातली. १० डिसेंबर १९७१ च्या रात्री शहरातून निसटू पाहणारी पाकिस्तानी फौज या पलटणीने अडवली आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. हे लिही. पण त्या रात्री आजोबा कुठल्या कंपनीत होते हे कळल्याशिवाय त्यांना खंदकात बसवू नकोस. ट्रेड ड्रायव्हर असेल तर ड्रायव्हर लिही, कुक असेल तर कुक. त्याला लाजायचं काय? लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, पेटला नाही तर पलटण उपाशी राहते.

पदकं चिंचेने किंवा पॉलिशने घासू नकोस. कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते झिजतं. आधी तिरप्या उजेडात वाचून घे. डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नकोस. पान-पान स्कॅन कर, फोटोंच्या पाठीमागची बाजूसुद्धा.

पत्रांवरचा ‘५६ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) हा गावाचा पत्ता नाही. ती फौजेची मध्यवर्ती टपाल व्यवस्था आहे. ठिकाण त्यातून कळणार नाही, पण शिक्क्यावरची तारीख कळेल. ती तारीख ओळीत टाक. जुन्या कागदात ‘जमादार’ दिसला तर तो आजचा नायब सुभेदार. हुद्द्याचं नाव १९६५ मध्ये बदललं. आणि निवृत्तीला मिळालेला ऑनररी हुद्दा हा मान आहे, त्याच्यापुढे ‘ऑनररी’ लिहिल्याशिवाय छापू नकोस.

आता आजी. हे काम या आठवड्यात कर. युद्धाच्या वेळी काय वाटलं, असं विचारू नकोस, उत्तर ‘काय वाटणार?’ असंच येईल. मनीऑर्डर कितीची यायची, सही कोण करायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं, रजा संपवून जाताना पिशवीत काय भरून द्यायची, हे विचार. हातात एक फोटो दे, फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि गप्प बस. ती थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. बाकीचे नातेवाईक मध्ये बोलायला लागले तर त्यांना बाहेर पाठव, राग आला तरी चालेल.

मी हे असं कोरडं लिहायला लावतो, भावना मारून टाकतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. ‘कर्तव्यदक्ष’, ‘शिस्तप्रिय’, ‘मनमिळाऊ’ हे शब्द कुणाच्याही फोटोखाली चालतात, म्हणून ते तुझ्या आजोबांच्या कामाचे नाहीत. आपल्याकडे फौजी माणसांच्या चार पिढ्या अशाच विशेषणांखाली गाडल्या गेल्या. त्यांच्या बायकांची तर नावंही छापली गेली नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हट्ट धरतो: पलटण आणि घर, एकाच ओळीत.

आणखी एक. नोकरी १७ वर्षांची आणि त्यानंतरचं आयुष्य ४० वर्षांहून जास्त, पण तुझ्या मसुद्यात पेन्शननंतर एकच परिच्छेद. बँकेत गार्ड म्हणून उभं राहणं, विहिरीचं कर्ज, पोरांच्या फिया, रोज पहाटेची दाढी. इथे डाव्या रकान्याला ‘नोकरी-शेती’ असं नाव दे आणि ओळी चालू ठेव.

कंपनी किंवा पोस्टिंगची माहिती अडली तर बेळगावच्या मराठा रेकॉर्ड्सला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज कर. आर्मी नंबर, पीपीओची प्रत, मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोड. अर्ज आजीच्या सहीने जाऊ दे. अर्जाचा मसुदा जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत माग. उत्तराला वेळ लागेल, तोवर छपाई अडवू नकोस. तेवढी ओळ कोरी सोडून छाप.

१९६८ ते १९७२ एवढ्याच ओळी आधी भर आणि पाठव. टाईप करत बसू नकोस, वहीच्या पानाचा फोटो चालेल.