टीम लीड कोणाला व्हायचंय?

प्रश्न : माझी मुलगी २८ वर्षांची आहे. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात बाणेरला एका रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीत, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या फर्ममध्ये लागली, त्याला पाच वर्षं झाली. गेल्या वर्षी ऑफिसात सर्वाधिक जॉइनिंग, म्हणजे प्रत्यक्ष नोकरीवर रुजू झालेले उमेदवार, तिची होती. तरी टीम लीडचं पद तिच्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनियर असलेल्या मुलाला मिळालं. ती कामाला वाघ आहे. रात्री दहापर्यंत सगळे फोन स्वतः करते, कुणावर विसंबून राहत नाही. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. नोकरी सोडून दोन वर्षांचं एचआरमधलं एमबीए कर, थेट मॅनेजर होशील, असं तिला रोज सांगतो; ती ऐकत नाही. स्थळं येतात, पण 'कन्सल्टन्सीत फोन करते' असं लोकांना किती दिवस सांगायचं?
– एक वडील, सांगली

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात जॉइनिंगचा हिशेब आहे, ज्युनियर मुलगा आहे, स्थळं आहेत. तुमच्या मुलीला काय हवंय, हे मात्र मला कुठेच सापडलं नाही. आणि 'रोज सांगतो' हे वाचून खरी काळजी वाटली. तिचा दिवस कसा जातो, जरा बघा. महिनाभर मागे लागून एका उमेदवाराची ऑफर पक्की होते. त्याचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा. तेवढ्यात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून देते आणि जॉइनिंगच्या सकाळी त्याचा फोन बंद. क्लायंटची बोलणी ती खाते, टार्गेट तिचं बुडतं. अशा दिवसानंतर घरून येणाऱ्या फोनवर पुन्हा 'पद कधी?' हाच प्रश्न असेल, तर ती काही दिवसांनी तुमचाही फोन उचलायचं टाळेल. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

स्थळांचं म्हणाल, तर अडचण तिच्या कामात नाही, तुम्ही ते ज्या सुरात सांगता त्यात आहे. आपल्याकडे कन्सल्टन्सीची फी बऱ्याचदा उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार असते. १२ लाखांच्या पॅकेजवर एक माणूस रुजू झाला की फर्मला जवळपास १ लाख रुपये मिळतात. तो ठरलेल्या मुदतीत, बहुधा ९० दिवसांत, सोडून गेला तर फुकट दुसरा माणूस शोधून द्यावा लागतो. एवढी जोखीम पेलून तुमची मुलगी ऑफिसात पहिली आली. लोकांना हे सांगा, ताठ मानेनं सांगा.

आता एमबीएबद्दल. बँकेत सीएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा दिली, सेवेची वर्षं भरली, लेखी परीक्षा आणि मुलाखत झाली की पुढच्या स्केलची, म्हणजे वरच्या श्रेणीची, वाट खुली होते. तुम्ही तीच शिडी मुलीच्या ऑफिसात शोधताय. कन्सल्टन्सी म्हणजे एचआर खातं, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कन्सल्टन्सी हा विक्रीचा धंदा आहे. तिथे वर कोण जाणार, हे क्लायंट टिकवण्यावर, वसुलीवर आणि हाताखालच्या लोकांकडून काम करून घेण्यावर ठरतं. एचआरचं एमबीए प्रामुख्याने कंपन्यांच्या एचआर विभागाकडे नेतं. पगार, कामगार कायदे, प्रशिक्षण हा सगळा वेगळा प्रांत आहे. तिला तिकडेच जायचं असेल तर जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेसाठी झॅट, राज्यातल्या संस्थांसाठी एमबीए सीईटी या प्रवेश परीक्षांचे रस्ते आहेतच. पण केवळ टीम लीड होण्यासाठी दोन वर्षांचा पगार आणि जोडलेले क्लायंट सोडून देणं मला मुळीच पटत नाही.

बढती का हुकली, याचा एक धागा तुमच्याच पत्रात आहे. 'कुणावर विसंबून राहत नाही' हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मॅनेजर त्याच वाक्याकडे धास्तीनं बघतो. जी स्वतःचे उमेदवार कुणाच्या हाती देत नाही, तिच्या हाती सहा जणांची टीम कशी द्यायची? शिवाय तिला बाजूला काढलं तर फर्मचा सगळ्यात जास्त कमावणारा डेस्क, म्हणजे तिचे क्लायंट आणि उमेदवार सांभाळणारी जागा, रिकामा होतो. त्यामुळे तिची जॉइनिंग आणखी वाढली, तरी बढती जवळ येईलच असं नाही. अर्थात, ऑफिसातलं राजकारणही असू शकतं; ते इथून मला दिसत नाही.

तिने मॅनेजरला थेट विचारावं : मला टीम लीड करायला काय कमी पडतंय आणि ते कधी तपासणार? उत्तर मेलवर घ्यावं. दोन नवख्या रिक्रूटरना आपल्या डेस्कवर घेऊन त्यांना उमेदवाराशी बोलायला शिकवावं. पहिले काही महिने तिची स्वतःची जॉइनिंग घटतील, इन्सेन्टिव्हही कमी होईल, हे गृहीत धरावं. दर सोमवारी या महिन्यात कोण रुजू होईल आणि कोण गळेल, याचा अंदाज लिहून मॅनेजरकडे द्यावा आणि महिनाअखेरीस तो ताडून पाहावा. टीम लीडचं निम्मं काम हेच असतं. सहा महिने हे करूनही साहेब टोलवाटोलवी करत असतील, तर दुसरी फर्म बघावी. पुण्यातल्या कंपन्यांच्या टॅलेंट ॲक्विझिशन, म्हणजे स्वतःची भरती करणाऱ्या, टीममध्येही कन्सल्टन्सीत तयार झालेली माणसं घेतात.

आणि कदाचित तिला टीम नकोच असेल. दुसऱ्यांचे आकडे, रजा, रुसवेफुगवे सांभाळण्यापेक्षा स्वतःचा डेस्क चालवून उत्तम कमावणारे ज्येष्ठ कन्सल्टंट या व्यवसायात आहेत. तो कमीपणा नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्यात दोन गोष्टी मला हव्यात : बढती हुकल्यावर मॅनेजर नेमकं काय म्हणाला, आणि मागच्या महिन्यात तिने कुणाला काही शिकवलं का. तोवर महिनाभर घरच्या फोनवर पदाचा विषय काढू नका.