सांधेदुखी, शंका-समाधान : गुडघ्यातला खड्डा कशाने बुजवायचा?

प्रश्न : वय ३८. कबड्डीत गुडघा मुरगळला, त्याला दीड वर्ष झालं. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या टोकावर, आतल्या बाजूला, कूर्चेत अडीच चौरस सेंटिमीटरचा चौथ्या ग्रेडचा खड्डा आहे. एक डॉक्टर हाडाला भोकं पाडू म्हणतात, दुसरे पेशी वाढवून लावू म्हणतात. सरळ इम्प्लान्ट बसवलं तर? (एक वाचक, सांगली)

आधी रिपोर्ट नीट वाचा. कूर्चेलाही आपण ‘गादी’ म्हणतो आणि मेनिस्कसलाही, त्यामुळे बराच घोटाळा होतो. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा पांढरा, गुळगुळीत थर. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती. चौथा ग्रेड म्हणजे खड्डा थेट हाडापर्यंत पोचलेला. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो आपोआप नीट भरत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी हे १७४३ सालीच लिहून ठेवलंय.

भोकं पाडणं म्हणजे मायक्रोफ्रॅक्चर. दुर्बिणीतून खड्ड्याच्या कडा उभ्या कापतात, तळाचा चुनकट थर खरवडतात, मग ३-४ मिलिमीटर अंतरावर बारीक भोकं पाडतात. दुर्बिणीसाठी सांध्यात सोडलेल्या पाण्याचा दाब कमी केला की भोकांतून चरबीचे थेंब आणि रक्त वर येताना दिसतं. त्याच रक्तातून नवा थर धरतो. पण तो मूळ कूर्चा नसतो, व्रणासारखा तंतुमय असतो. लहान खड्ड्याला चालतो. तुमचं वय, खड्ड्याचा आकार आणि कबड्डी पाहता आम्ही त्यावर भिस्त ठेवणार नाही.

पेशींचा उपचार दोन टप्प्यांत होतो. भार न येणाऱ्या जागेवरून २००-३०० मिलिग्रॅम कूर्चा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात बसवतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९९४ साली याचे पहिले निकाल छापले. भारतात अशा उपचाराला २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

आता इम्प्लान्ट. प्रवाळातल्या अ‍ॅरागोनाइट या खनिजापासून केलेल्या अ‍ॅजिली-सी या सच्छिद्र प्लगला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियंत्रण संस्थेने मार्च २०२२ मध्ये परवानगी दिली. एकूण १ ते ७ चौरस सेंटिमीटरच्या खड्ड्यांसाठी तो आहे. २५१ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी मायक्रोफ्रॅक्चर आणि साफसफाईपेक्षा त्याचा निकाल सरस ठरला. तो तुम्हाला इथे मिळेल का, हे सर्जनना विचारा. पण त्याआधी उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढून घ्या. पायाला बाहेर बाक असेल तर शरीराचा भार नेमका त्या खड्ड्यावरून जातो. तो बाक आणि जुनी लिगामेंटची इजा तशीच ठेवून काहीही बसवलं, तरी ते चिरडणार.

प्रश्न : आम्ही बायोमेडिकलचे विद्यार्थी हायड्रोजेलचा कूर्चा-प्लग तयार करतोय. सशाच्या गुडघ्यात बारा आठवड्यांनी खड्डा छान भरला. आता माणसावरच्या चाचणीची तयारी करावी का? (पुणे)

नको, इतक्यात नको. सशाची कूर्चा जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असते, माणसाच्या मांडीच्या हाडाच्या टोकावर ती सव्वादोन-अडीच मिलिमीटर असते. शिवाय सशाचा खड्डा बराचसा आपोआपच भरतो. तुमच्या प्लगने किती केलं आणि सशाने किती, हे वेगळं काढण्यासाठी प्लग न बसवलेला रिकामा खड्डा त्याच अभ्यासात हवा. पुढचा टप्पा शेळी किंवा मेंढी, शक्य झाल्यास घोडा, आणि किमान एक वर्षाचा पाठपुरावा.

प्लग बिघडतात ते बहुतेक वेळा कडेला आणि तळाला. मधला पदार्थ उत्तम असून उपयोग होत नाही. बसवण्याची क्रिया डोळ्यांसमोर आणा. गाइड (ड्रिलला दिशा देणारी नळी) कूर्चेवर काटकोनात टेकवायचा, मधून पिन, पिनवरून ड्रिल, मग भोक रुंद करणारा रीमर, आणि शेवटी कूर्चेची कड साफ कापायची. गाइड पाच अंश जरी कलला तरी प्लगची एक कड वर राहते आणि समोरची निरोगी कूर्चा किसणीवर किसल्यासारखी झिजत जाते. म्हणून प्रवाळाचा प्लग कूर्चेच्या पातळीखाली २ मिलिमीटर बसवतात, म्हणजे वरचा थर शरीराला धरता येतो. खड्डा झाकायला कधी धातूची टोपी बसवतात, तीसुद्धा थोडी खालीच ठेवतात. ड्रिल वेगात, गार सलाइन न सोडता फिरवलं तर उष्णतेने भोवतालचं हाड मरतं. कूर्चेची कड बोथट पात्याने कापली तर तिथल्या पेशी मरतात आणि जुनी-नवी कूर्चा एकमेकींना धरतच नाहीत. त्या फटीतून सांध्यातलं पाणी दाबाने खाली शिरतं आणि हाडात पोकळ्या होतात. एमआरआयवर प्लगखाली पांढरा गोळा दिसला तर आधी हीच शंका घ्या.

तळ हाडात रुजेल असा सच्छिद्र हवा. पायाच्या अंगठ्यासाठीच्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोल जेलच्या इम्प्लान्टला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बाजारातून परत घेतलं गेलं. हाडात खचणं, जागेवरून सरकणं आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणं अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. उलटं टोकही आहे. हाड तयार होण्याआधीच विरघळणारा तळ खाली पोकळी सोडतो. विरघळण्याचा वेग आणि हाड भरण्याचा वेग शेजारी-शेजारी मोजा.

तुमच्या जेलचा नुसता स्थिर दाबाखालचा कडकपणा कूर्चेशी जुळवून भागणार नाही. कूर्चेत ६५ ते ८० टक्के पाणी असतं. पाऊल पडतं त्या क्षणी भार त्या कोंडलेल्या पाण्यावर येतो, कूर्चेतल्या तंतूंच्या जाळीवर नंतर. म्हणून चाचणी पाण्यात बुडवून, पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराखाली घ्या. सिम्युलेटरवरची (चालण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावरची) दहा लाख चक्रं म्हणजे साधारण एका वर्षाचं चालणं. आणि सगळी मोजमापं निर्जंतुकीकरणानंतरच्या नमुन्यावर घ्या. गॅमा किरणांनी जेलचे बंध बदलतात, ओला नमुना आणि पॅकेटमधला नमुना एक राहत नाही.

कागदपत्रांचाही विचार आत्ताच करा. नुसता प्लग असेल तर तो २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतो, जैवसुसंगततेसाठी, म्हणजे शरीर तो पदार्थ सोसतं का हे पाहण्यासाठी, आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचण्या लागतात. त्यात पेशी घातल्या की २०१९ च्या नवीन औषध आणि क्लिनिकल चाचणी नियमांचा रस्ता लागतो, तो बराच लांबचा आहे. पहिलं उत्पादन पेशींविना करा, हा आमचा आग्रहाचा सल्ला.

प्रश्न : आईचं वय ६६, दोन्ही गुडघ्यांना बाक, एक्स-रेत चौथा ग्रेड. ‘ऑपरेशनविना नवी गादी’ अशी जाहिरात आली. पैसे भरावेत का? (नाशिक)

भरू नका. खड्ड्याचं इम्प्लान्ट बसवायला भोवती निरोगी कूर्चेची भिंत लागते. एक्स-रेतल्या चौथ्या ग्रेडला हाडावर हाड घासत असतं, भिंतच उरलेली नसते. तिथे सांधेबदलाचा विचार करावा. गुडघ्याच्या इम्प्लान्टच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे, बिलात इम्प्लान्टची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. झीज लवकर लक्षात आली असती तर बाक सरळ करणारी नडगीच्या हाडाची शस्त्रक्रिया करता आली असती. सांध्याबाहेर बसवायचा, आतल्या बाजूचा भार वाटून घेणारा स्प्रिंगसारखा शॉक अब्सॉर्बरही अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाला आहे, पण तोही सुरुवातीच्या झिजेसाठीच. तोवर आईंचं वजन उतरवा. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो.

प्रश्न : कूर्चेच्या शस्त्रक्रियेनंतर मांडी घालून कधी बसता येईल? कुबड्या किती दिवस? (बेळगाव)

खड्डा कुठे होता त्यावर ठरतं. मांडीच्या हाडाच्या टोकावर असेल तर साधारण सहा आठवडे पायावर भार नाही, पण गुडघा वाकवत राहायचा, कारण हालचालीनेच नव्या थराला पोषण मिळतं. वाटीखाली असेल तर उलटं. ब्रेसमध्ये पाय सरळ ठेवून चालता येतं, मात्र वाकवण्यावर मर्यादा, कारण वाकवताना वाटी त्याच जागेवर दाबली जाते. मांडी आणि उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी, फिजिओ आणि सर्जन दोघांनी होकार दिल्यावर. काही महिने देवापुढे पाट नको, खुर्ची घ्या.